सुभेदारांची टेहळणी

दुसऱ्या महायुद्धाचा निकाल रामहरीच्या केळीच्या बागेमागं लागला. निदान रामहरी तसं सांगायचा, आणि तेही गेल्या आठवड्यापासून. युद्धाच्या काळात तिथं गोऱ्यांचा लष्करी तळ होता आणि तिथली पडकी दगडी इमारत म्हणजे त्याचं मुख्यालय, एवढं मात्र खरं. पण आजवर रामहरी तिला पायपांची खोली म्हणत आला होता, कारण पाण्याच्या मोटारीचे जुने पाईप तिथं पडलेले असत. मग लेकीसाठी, ऋतुजासाठी, माळशिरसच्या निवृत्त सुभेदार उदयसिंहांच्या मुलाचं स्थळ आलं, आणि पाईप गोठ्यात गेले.

पोरापोरींनी एकमेकांना पुण्यातच पसंत केलं होतं. अडलं होतं सुभेदारांपाशी. त्यांच्या भावकीत होकार तोंडानं देत नाहीत. मुलीकडं जेवायला बसले की जमलं, चहावर उठले की मिटलं. आज सुभेदार घरच्यांना घेऊन आले, चहा झाला होता. रामहरीच्या बायकोनं, रंभाबाईनं धपाटी, शेंगांची चटणी आणि शिरा मांडायला घेतला, तोच सुभेदार म्हणाले, आधी मुख्यालय बघू. त्यांची मंडळी घरातच थांबली.

रामहरीनं छप्पर उडालेल्या खोल्या दाखवल्या. इथं नकाशे, इथं बिनतारी यंत्र, इथं साहेब काळजीनं येरझाऱ्या घालायचा. साहेबाच्या जागी एक शेळी रवंथ करत बसली होती, तिला वळसा घालून तो पुढं सरकला. सुभेदारांनी भिंतीची जाडी हातानं जोखली आणि मान हलवली. शेवटी आला टेहळणीचा मनोरा. जिना कधीच पडला होता, पण भिंतीतून दगड पुढं आलेले. त्यावरून पोरं चढतात, असं रामहरीनं सहज सांगितलं. सुभेदार लगेच चढले.

चढले ते चढलेच. उत्तर बघितली, दक्षिण बघितली, उजनीचं पाणी बघितलं आणि खाली बसले. काय दिसतंय, असं रामहरीनं खालून विचारलं, तर जागा मोक्याची आहे, एवढंच उत्तर आलं.

ऊन चढलं. शिरा गार झाल्याचा घरून फोन आला. रामहरी मनोऱ्याभोवती फेऱ्या घालू लागला. जेवण टाळायला पाहुणे दुसऱ्या गावाची गाडी गाठतात, हे त्यानं बघितलं होतं. मनोरा गाठलेला पहिलाच पाहुणा. पायपांचं कुणी सांगितलं की काय?

"रंभे, नकार दिसतोय," तो फोनवर कुजबुजला. "लई शिस्तीत देत्यात."

ते ऐकून ऋतुजाच आली. ओढणी कमरेला खोचत म्हणाली, "आबा, तुमी सरका. मी विचारते की सरळ." आणि भराभर वर गेली.

रामहरीनं डोळे मिटले. वर बराच वेळ कुजबुज चालली होती. मग परेडच्या मैदानावरचा आवाज आला.

"रामहरीराव, पोरगी आमची झाली. पानं वाढायला सांगा."

रामहरीनं डोळे पुसले, फोन काढला, आणि नंबर लावेपर्यंत वरचा आवाज एकदम बारीक झाला.

"आणि एक विनंती होती. आमच्या मंडळींना घरातच बसवून ठेवा, अन् मागच्या बाजूनं एखादी शिडी लावता आली तर बघा."