चारशे सत्त्याण्णव दिवस

“म्हणजे मशीन चुकलं?” गिरणीचे मॅनेजर भिरूड साहेबांनी फाईलमधून मान वर केली.

“मशीन नाही, साहेब. मी चुकलो,” पंडित तायडे म्हणाला.

धुळ्याजवळच्या त्या सूतगिरणीत पंपांवर लक्ष ठेवणारा काँप्युटर पंडितनंच बसवला होता. जळगावच्या दोन खोल्यांच्या कंपनीत बसून त्यानं लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात स्वतःचा कोड घातला होता. टाकी रिकामी झाली की पंप बंद करायचा, एवढंच त्याचं काम. वीज जायची, तरी मशीन बॅटरीवर चालू राहायचं. वर्ष उलटलं तरी ते एकदाही बंद पडलं नाही, हे पंडित भेटेल त्याला सांगायचा. पुढे कंपनीला टाळं लागलं आणि तो एका क्लासात टायपिंग शिकवू लागला.

मग एका दुपारी मशीन गप्प झालं. टाकी कोरडी पडली तरी पंप चालतच राहिला आणि मोटर जळाली. पंपावरचे झिपरू नाना ड्युटीवर झोपले होते, असं ठरवून गिरणीनं त्यांना कामावरून काढलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

बातमी कळल्यावर पंडितनं आठवडाभर कोड उकरला. मशीनचं घड्याळ सेकंदाला शंभर ठोके मोजायचं. चारशे सत्त्याण्णव दिवसांनी तो आकडा मावेनासा होऊन पुन्हा शून्यावर येतो आणि आपला कोड तिथंच अडकतो, हे कोड लिहिताना त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“आम्ही बंद करून चालू केलं. आता झकास चालतंय,” साहेब म्हणाले.

“पुन्हा तितक्याच दिवसांनी अडकेल.”

“तेव्हा पुन्हा चालू करू.”

“पण नानांचा दोष नाही. मी लिहून आणलंय.”

“अहो तायडे, माणूस झोपला होता असं विम्यावाल्यांना कळवून झालंय. तुमचं ते घड्याळ मलाच कळेना, त्यांना काय कळणार?” साहेबांनी कागद न उघडताच परत सरकवला.

नानांच्या घरी त्यांच्या बायकोनं, रुक्माबाईंनी चहा ठेवला. पंडितनं मान खाली घालून सगळं सांगितलं.

“मी जपेल नव्हतू, जागाच व्हतू,” नाना म्हणाले, “पंपना आवाज बदलना, माले समजनं. पन तूच सांगेल व्हतं, मशीनले हात लावाना नही.”

पंडितनं हातातला कप खाली ठेवला. तीस वर्षं पंपाजवळ काढलेला तो कान त्यानंच एका वाक्यात निकामी केला होता.

“नाना, मी काही करू शकलो नाही.”

“तू उना, हाईच गंज शे, भाऊ. इतलं बी कोन करस?”

नाना त्याला पोचवायला स्टँडवर आले. जळगावची गाडी लागली तशी गर्दी दाराकडे धावली. पंडित मागेच उभा राहिला. नाना मात्र धापा टाकत गाडीच्या कडेनं पळाले, खांद्यावरचा टॉवेल खिडकीतून आत टाकला आणि ओरडले, “ती जागा आमना तायडे साहेबनी शे!”

पंडित आत गेला. टॉवेल उचलून त्यानं घडी केली, खिडकीतून नानांच्या हातात दिली आणि त्या जागेवर बसला.