ऐंशी माणसांचं मीठ

साथीत कारखाना बंद पडला, तसा तिथल्या कँटीनचा आचारी घरूनच डबे देऊ लागला. पहिल्या दिवशी दहा डबे गेले आणि दहाही घरांतून एकच निरोप आला, भाजी खारट. दुसऱ्या दिवशी अळणी. बायकोला रागापेक्षा कुतूहलच जास्त. वीस वर्षं ज्याच्या हातचं लोक बोटं चाटून खात होते, त्याला दहा माणसांचं मीठ का कळू नये?

तिसऱ्या दिवशी ती ओट्याला टेकून नुसती बघत राहिली. त्याने सवयीने मूठभर मीठ उचललं, मूठ पातेल्यावर थबकली आणि घाबरून अर्धी परत बरणीत रिकामी झाली.

"तिकडे किती जण जेवायचे हो?"

"ऐंशी. हात बसलाय तेवढ्यावर. आता काय तोडून टाकू?"

"नका तोडू," म्हणत तिने त्याचाच फोन उचलला आणि कँटीनच्या ग्रुपवर निरोप टाकला. कामगारही आपापल्या खोल्यांवर स्वतःच्या हातचं खाऊन कावलेलेच होते.

दुपारी ती म्हणाली, "उद्यापासून पंच्याहत्तर डबे. पाच कमी आहेत, तेव्हा मीठ जरा हात राखून टाका."