अल्फियाची दाढ

अल्फिया बावीस वर्षांची, पण तिला बोलता येत नव्हतं. दोन महिने ती स्वतःच्या गालावर थापडा मारून घेत होती, घास पुढं केला की मान फिरवत होती. तोंडाला कुणाला हात लावू देईना, म्हणून पूर्ण भूल देऊनच किडलेल्या तीन दाढा काढायचं ठरलं. तिची आई मदिना तिला मांडवगण फराट्याहून दौंडला घेऊन आली.

भूल देणाऱ्या डॉक्टर सारिकांनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "कधी बेशुद्ध पडली होती का?"

"न्हाई," मदिना म्हणाली होती.

पहिली दाढ निघाली. दुसरीला दातांचे डॉक्टर ज्ञानेशांनी जोर दिला आणि मॉनिटरचे ठोके लांबत गेले. साठ. चाळीस. अठ्ठावीस.

"हात काढा!" सारिका म्हणाल्या.

ज्ञानेशांनी चिमटा सोडला. दाढ ओढताना कधीकधी हृदय मंदावतं. हात काढला की बहुधा सावरतं. अल्फियाचं सावरलं नाही. पडद्यावर सरळ रेघ आली. नर्सनं ठोके वाढवणारं ॲट्रोपिन दिलं, सारिका मोठ्यानं मोजत छाती दाबू लागल्या. बाविसाव्या दाबानंतर ठोका परतला, मग दुसरा.

ज्ञानेशांनी बाहेर येऊन सगळं सांगितलं आणि पुन्हा तेच विचारलं, कधी बेशुद्ध पडली होती का. मदिना भिंतीला टेकून खाली बसली.

"दोनदा पडली व्हती, सायेब. शिरूरला एका दवाखान्यात खरं सांगितलं, तर भूल द्यायला न्हाईच म्हनले. पोर उपाशी मरत व्हती..."

ज्ञानेशांनी आत जाऊन ते सांगितलं, तशा सारिका म्हणाल्या, "आज बास. उठवू या तिला."

तासाभरानं अल्फियानं डोळे उघडले. मदिना सारिकांना म्हणाली, "म्याच मारली असती तिला."

सारिका तिच्या शेजारी बसल्या. "खरं सांगितलं असतं, तरी मी नाही म्हटलं नसतं. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडं पाठवलं असतं. पण हे तुम्हाला कळणार कसं? शिरूरला तुम्हाला कुणी ते सांगितलंच नाही."

त्यांनी तिथंच बसून पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. पुण्यात तपासणीत कळलं, अल्फियाचं हृदय अधूनमधून थांबत होतं. पेसमेकर बसवला. दीड महिन्यानं पुण्यातच उरलेल्या दोन दाढा काढल्या. भूल द्यायला सारिका मुद्दाम दौंडहून गेल्या. या वेळी ठोका एकदाही चुकला नाही.