वर बघणारी

सकाळी पुढच्या अंगणात सामान निघालं की थोरलीनं मागच्या खोलीत जाऊन बसायचं, हे त्या घरात इतकं अंगवळणी पडलं होतं की आता तिला कोणी सांगावंही लागत नसे. दीर उठल्याची चाहूल लागली की ती शेगडीवरचं पाणी उतरवी, खोलीचं दार आतून लोटून घेई आणि नुसत्या आवाजांवरून सगळं ओळखत बसे. हा लोखंडी कड्यांचा खणखणाट. हे हेल्मेट पायरीवर ठेवलं. ही करवत म्यानात गेली. हा कमरेचा पट्टा. बक्कल कुरकुरतंय, तेल मागतंय. पण ते सांगायची सोय नव्हती.

त्या गल्लीतली सगळीच घरं झाडांवर चढणाऱ्यांची. वाळलेली, रस्त्यावर झुकलेली, घरांवर कलंडलेली झाडं शेंड्याकडून थोडी थोडी कापत खाली उतरवायची, हे त्यांचं काम. आणि त्या गल्लीचा एक नेम होता. नवरा झाडावर असताना बायकोनं वर बघायचं नाही. तिनं बघितलं की त्याचा हात सुटतो. कोणी पडलाच, तर त्याच्या बायकोनं बघितलं असणारच. आणि अशा बाईचा हात दोराला लागला की तो दोर बाद.

थोरलीचा नवरा पडला त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी ती त्याचा डबा घेऊन झाडाखाली गेली होती. तिनं वर बघितलं होतं, हे खरं. आपला माणूस कुठे आहे हे बघायला मान वर करावीच लागते. पण त्या आधी कितीतरी वेळा बघितलं होतं, आणि तो हसून खाली उतरला होता, हे ती कुणाला सांगणार? त्याला घरी आणलं तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न तिलाच केला, "वर बघितलंस का?" ती खोटं बोलली नाही. तेवढ्यावर निकाल लागला. टोळीचा मुकादम दारातच उभा होता. त्यानं मान हलवली, हळहळला आणि तुटलेला दोर गुंडाळून घेऊन गेला. तो दोर कोणी पाहिला नाही.

नवरा होता तेव्हा सामानाची निगा तीच ठेवायची. संध्याकाळी दोर मांडीवर घेऊन डोळे मिटायची आणि हात न उचलता टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवायची. डोळे फसतात, वरची वीण चकचकीत असते. आतला गाभा कुठे बसलाय ते बोटांनाच कळतं. नवरा गमतीनं म्हणायचा, "माझ्यापेक्षा त्या दोरावरच तुझा जीव." शेवटच्या दिवसांत तिनं त्याला दोनदा सांगितलं होतं, हा दोर मला बरा वाटत नाही. त्यानं मुकादमाला विचारलं. मुकादम म्हणाला, हवापाणी चांगलं आहे तोवर काम उरकून घेऊ, मग बघू.

आता तिच्या त्या बोटांना भांडी आणि कपडे एवढंच काम उरलं होतं.

घरात तिच्याशी मोकळेपणानं बोलायची ती धाकटी जाऊ. आणि बाहेरचा एकच माणूस, दिराचा जोडीदार. तो इतका चपळ होता की सगळे त्याला 'खार' म्हणत. दिराला न्यायला आला की मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडायचा, "वहिनी, या की बाहेर! दृष्ट लागावी इतका काही मी देखणा नाही!" सासूबाई कपाळाला आठ्या घालत. थोरली दाराआड हसायची. दिवसातलं तिचं तेवढंच हसणं.

एके दिवशी दीर काम करून भिजून आला होता. त्यानं सामान मागच्या अंगणातल्या तारेवर वाळत टाकलं. थोरली कपडे काढायला गेली आणि तिथेच थबकली. तारेवर कमरदोर लटकत होता. चढणारा हा आखूड दोर खोडाभोवती घेऊन पट्ट्याला अडकवतो. दोन्ही हात करवतीला मोकळे ठेवून तो याच्यावरच रेलतो. दोराच्या मध्यावर बोटभर जागा चपटी झाली होती. तिथली वीण तापून वितळल्यासारखी तकतकत होती. 

तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. मग हलकेच हाक मारली, "धाकटे, इकडे ये. डोळे मीट आणि या दोरावरून बोटं फिरव."

"काय झालं, ताई?"

"आधी फिरव. दाबत जा."

धाकटीनं डोळे मिटले. तिची बोटं सरकत सरकत त्या जागेशी आली आणि थांबली. "ताई, इथं आत काहीच नाही. पोकळ लागतंय."

"मला तेच वाटलं."

"काय चाललंय?" सासूबाई दारात उभ्या होत्या. "एकीनं घर बुडवलं, आता दुसरीला शिकवते आहेस? हात लावलास का त्याला?"

"नाही लावला."

"मग नजरही लावू नकोस."

जेवताना धाकटीनं नवऱ्यापाशी विषय काढला. त्याचा घास हातातच राहिला. "वहिनींनी सांगितलं? हे बाहेर बोलू नकोस. त्यांचं नाव निघालं तर उद्या माझ्याबरोबर कोणी चढणार नाही."

"पण दोर खरंच पोकळ आहे. मी स्वतः बघितलं."

"मुकादमाला दोन वेळा विचारून झालंय. सगळ्यांचे कमरदोर एकाच जुन्या वेटोळ्यातून कापलेत. माझा वाईट तर सगळ्यांचाच वाईट. काय करू? घरी बसू?" त्यानं ताट सारलं.

भिंतीपलीकडे थोरलीनं ते ऐकलं. सगळ्यांचाच वाईट. ती रात्रभर कूस बदलत राहिली.

सकाळी मुकादमाची गाडी दारात लागली. दवाखान्याच्या आवारातलं एक जुनं, आतून पोखरलेलं झाड उतरवायचं होतं. पुढच्या अंगणात सामान निघालं. कड्या खणखणल्या. मागच्या खोलीचं दार उघडलं, आणि थोरली सरळ बाहेर आली.

सगळे जागच्या जागी थिजले. दीर पट्टा बांधत होता, त्याचे हात थांबले. थोरली खाली वाकली, तिनं कमरदोर उचलला आणि दोन्ही मुठींत धरून त्या चपट्या जागेवर जोर लावून मुडपला. वीण फाटली. आतून पिवळट भुसा तिच्या पायांवर सांडला.

"बघा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पुरुषांसमोर न बोलल्यानं तिचा आवाज तिलाच परका वाटला. "यावर माणूस टांगणार होतात तुम्ही."

मुकादम गाडीतून उतरला. त्यानं भुशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.   "काल संध्याकाळपर्यंत धड होता हा दोर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बाईचा हात लागला आणि कुजला. तुमच्या डोळ्यांदेखत!"

माणसं दोन पावलं मागे सरली. भुशाकडे कोणीच बघत नव्हतं. सगळे थोरलीच्या हातांकडे बघत होते.

"तू आज येऊ नकोस," मुकादम दिराला म्हणाला. "अपशकुन झालाय तुझ्या घरात. खार, तू चढ."

खारीच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलं होतं. थोरली त्याच्याजवळ गेली. "भाऊ, तुमचाही त्याच वेटोळ्यातला आहे. हात लावून बघा. माझ्यासाठी नको, स्वतःसाठी बघा."

त्यानं आपल्या कमरदोराकडे नजर टाकली. त्याचं बोट दोरावर टेकलंही. तेवढ्यात गाडीचा कर्कश भोंगा वाजला. "आजचा दिवस जाऊ द्या, वहिनी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "उद्या नक्की बघतो." आणि गाडीत चढला.

गाडी गेल्यावर दिरानं तोंड सोडलं. "माझी रोजीरोटी घालवलीत! आता मला कोण विचारणार?"  थोरलीनं सांडलेला भुसा झाडला नाही, कुणाला झाडूही दिला नाही. ती पायरीवर बसून राहिली. ऊन वर आलं. गल्लीत कुठेतरी रेडिओ चालू होता. धाकटीनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला. दर थोड्या वेळानं तिची नजर गल्लीच्या तोंडाकडे जाई.

दुपार कलताना तिथून कोणीतरी पळत येताना दिसलं. ते काही बोलायच्या आतच थोरली उठून उभी राहिली होती.

खार कमरदोरावर रेलून शेंड्याचा भाग कापत होता. दोर मधोमध तुटला. दवाखाना समोरच होता, पण त्याचा उपयोग झाला नाही.

त्याच्या घरात बायकांची गर्दी झाली होती. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. वयानं धाकटीएवढीच असेल. तिच्या हाताचं पीठ अजून तसंच होतं. थोरलीच्या सासूबाई तिच्यासमोर बसल्या होत्या आणि तोच प्रश्न विचारत होत्या, जो त्यांनी एकदा आपल्या सुनेला विचारला होता. "वर बघितलंस का? तिकडे गेली होतीस का?"

"नाही हो. मी घरातच होते. मी कुठे गेलेच नाही."

"मग मनात काही आणलं असशील. आठवून बघ."

आणि ती पोर खरंच आठवत होती. सकाळपासून आपण काय काय केलं, कशानं हे झालं असेल, ते कपाळ आवळून शोधत होती. थोरली दारातून ते बघत होती. हे शोधणं तिच्या ओळखीचं होतं. ती स्वतः अजून शोधत होती.

अशा घरी तिनं पाऊल टाकायचं नाही, हाही नेमच होता. ती आत गेली आणि त्या पोरीजवळ जाऊन बसली. बायकांत कुजबुज सुरू झाली.

पोरीनं तिला ओळखलं. तिचे डोळे पेटले. "तुम्ही तो दोर मोडला नसता तर तुमचा दीर चढला असता. माझा माणूस नाही!"

"हो," थोरली म्हणाली. तिनं नजर वळवली नाही. "खरं आहे. मग आज माझी धाकटी तुझ्या जागी असती, आणि तिलाही हेच विचारत असते सगळे. दोर त्याच वेटोळ्यातला असता."

 थोरली बायकांकडे वळली. "हिनं काय केलं ते विचारून झालं. आता दुसरं विचारा. तुटलेला दोर कुठे आहे?"

"एक तुकडा कडीतून निसटून झाडावरच अडकलाय," दारातून आवाज आला. दीर होता. बातमी कळताच तो दवाखान्याकडे धावला होता, तो आत्ता परतला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मुकादम मला म्हणत होता, लोक जमायच्या आत चढून काढून आण. मी नाही म्हणालो. आमच्यातला कोणीच चढणार नाही. चौकशीला माणसं येतील, त्यांच्यासमोरच खाली येईल तो. आणि वहिनी..." त्यानं मान खाली घातली. "दादाचा दोर मी त्याच वेळी बघायला हवा होता."

थोरलीनं मान हलवली. एवढ्यानं काही भरून निघणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. शेजारी बसलेल्या पोरीनं पिठानं माखलेल्या बोटांनी तिचा हात घट्ट धरला. 

"ताई, माझ्यामुळे नाही ना झालं?"

"नाही."

"मी सकाळी त्यांच्याशी थोडी भांडले होते."

"नाही गं. त्यानं कुणी पडत नाही."

"मग माझ्यामुळे नाही?"

"नाही. तुझ्यामुळे नाही." ती जितक्यांदा विचारत होती, तितक्यांदा थोरली सांगत होती. कंटाळत नव्हती.

मग पोरीनं मान उचलून समोर बघितलं. "आजी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात तर मला खरं वाटेल."

ती सासूबाईंकडे बघत होती. आता नाही म्हणायचं, तर इतकी वर्षं मागच्या खोलीत कोणाला बसवलं आणि का, याचं उत्तर द्यावं लागणार होतं.  त्यांनी थोरलीकडे बघितलं नाही. बघणं त्यांना जमलं नसतं. जमिनीवर हात टेकून त्या पुढे सरकल्या आणि त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून इतक्या हळू बोलल्या, की जवळ बसलेल्या दोघींनाच ऐकू गेलं.

"नाही, पोरी. तुझ्यामुळे नाही."

थोरलीनं डोळे मिटून घेतले. ते तिला उद्देशून नव्हतं. तरीही तिनं ते ऐकलं.