चिलखताच्या चपला

चपलेचा तळ आणि चिलखत एकाच शीटमधून निघतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. पन्नासहून जास्त वर्षं मी तो काळा फोम कापत आलो, पण त्यातून पायाखालचंच काही निघणार असं धरून चाललो होतो. एक दिवस माझी नात दुकानात आली, कोपऱ्यातली शीट उचलून खांद्याशी धरली आणि म्हणाली, "आबा, यातून मला खांदा कापून द्याल का?"

तिला आम्ही ढब्बू म्हणतो. जन्मली तेव्हा साडेचार किलोची होती, तेव्हापासून. माझ्या लेकीची लेक. दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि साडेचारला सुटली की माझ्याकडे येते. दुसरीत होती तेव्हाही शाळा सुटल्यावर इथंच यायची, बुटांच्या खोक्यावर वही ठेवून गृहपाठ करायची. ती अक्षर काढायची, खाली मी गिरवायचो. बासष्टाव्या वर्षी मी वाचायला शिकलो तो असा.

तिचा छंद कॉस्प्लेचा. म्हणजे एखाद्या गोष्टीतलं किंवा खेळातलं पात्र निवडायचं, त्याचा वेष शक्यतो स्वतःच्या हातानं करायचा आणि तो घालून वर्षातून दोनदा एका मोठ्या हॉलमध्ये जमायचं. तिनं निवडली होती एका खेळातली दरवान बाई, किल्ल्याच्या दाराशी ढाल घेऊन उभी असते ती. चित्रातली दरवान वेताच्या छडीसारखी होती. ढब्बू तशी नाही. मला त्यात काही अडचण दिसली नाही. दाराशी उभं राहायला अंगात काहीतरी असावं लागतं.

आठ महिने ते काम चाललं. मी रापीनं कापायचो, ती गरम हवेच्या बंदुकीनं शीट नरम करून माझ्या लाकडी फर्म्यांवर वाकवायची. चिकटवायची तिला घाई. मी दर वेळी सांगायचो, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, दहा मिनिटं हात लावायचा नाही, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. ओलं जोडलं की सुटतं. तीन वेळा सुटल्यावर तिला पटलं.

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारा बसतो. तो डोळ्याचं भिंग न काढताच विचारायचा, "नात लढाईला निघाली का हो?"

"लढाई कसली. हॉलमध्ये जमतात, फोटो काढतात आणि घरी येतात."

"मग चिलखत कशाला?"

तेव्हा हसलो होतो.

चिलखत पुरं झाल्यावर तिनं ते घालून फोटो काढला आणि इंटरनेटवर टाकला. माझ्या फोनवरही तो दिसतो, तिनंच तशी सोय करून दिली होती. पहिल्या दिवशी लोकांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी वारं फिरलं. कुणीतरी तो फोटो उचलून दुसरीकडे नेला आणि तिथून माणसं येऊ लागली. मला वाचायला वेळ लागतो. बाकीचे डोळा फिरवून पुढं जात असतील, मला अक्षर अन् अक्षर जुळवावं लागतं, त्यामुळं प्रत्येक घाण पुरती तोंडातून जाते. दरवान की दरवाजा, असं एकानं लिहिलं होतं. दुसऱ्यानं तिच्या वतीनं खेळाच्या कंपनीची माफी मागितली होती. त्यातल्या त्यात बरी तेवढीच इथं सांगता येतात. ज्या पोरीनं मला अक्षरं शिकवली, तिच्याबद्दलचं हे वाचायला ती अक्षरं कामाला आली.

"आबा, वाचू नका," ती म्हणाली. "मी वाचत नाही."

वाचत होती. तिचे डोळे सांगत होते.

त्याच घाणीत एक प्रश्न होता. 'काम फार सफाईदार आहे. कुणी केलं? दुकान कुठं आहे?' इतक्या चिखलात एक माणूस नीट बोलत होता. मी चष्मा पुसला आणि उत्तर लिहायला बसलो. चाळीस मिनिटं लागली. बस डेपोसमोर, घड्याळवाल्याच्या शेजारी, निळं शटर. वेळ नऊ ते सात. चिलखताचं बोलायचं असेल तर साडेचारनंतर या, नात तेव्हा असते. गिऱ्हाईकानं पत्ता विचारला की पत्ता द्यायचा, खुणेसकट. आमच्या धंद्यात हेच शिकवलेलं.

दोन दिवसांनी दोघं आले. एकानं स्टँडवर पाय ठेवला आणि बूट बघा म्हणाला. डाव्या बुटाच्या नाकाशी मूळची शिवण उसवून कुणीतरी मासे धरायच्या दोऱ्यानं हिरवे टाके घातले होते. टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली.

"ही शिवण टिकायची नाही," मी म्हटलं. "महिनाभरात सोल तोंड उघडेल."

"राहू द्या काका. चिलखतवाली कधी येते?"

मला वाटलं, हाच तो सफाईदार म्हणणारा. बसायला स्टूल दिलं. ढब्बू आली ती औषधांच्या दुकानाच्या पांढऱ्या कोटात, दमलेली, हातात डबा. दुसऱ्यानं फोन आधीच वर धरला होता. बूटवाल्यानं विचारलं, "ताई, एवढ्या फोममध्ये दहा जणांच्या चपला झाल्या असत्या, नाही का?" मी उठेपर्यंत दोघं रस्ता ओलांडून गेले होते.

रात्रीपर्यंत ते चित्रण सगळीकडे झालं. कोटावर औषधांच्या दुकानाचं नाव होतं. तिथं फोन सुरू झाले. मालक माणूस वाईट नाही, पण तोही कंटाळला आणि म्हणाला, आठवडाभर घरी राहा. मी आणि लेक चौकीत जाऊन आलो. त्यांनी लिहून घेतलं आणि बघतो म्हणाले. बाहेर पडताना लेक म्हणाली, "पण यांना पत्ता मिळाला कुठून?"

मी रिक्षाला हात केला. तोवर मला उमगलं होतं.

पत्ता कुठून गेला ते शोधायला ढब्बूला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात आली, फोन माझ्यासमोर धरला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"गिऱ्हाईक होतं."

"गिऱ्हाईक नव्हतं, आबा."

"नीट बोलत होता गं."

"नीट बोलणारेच पत्ता विचारतात."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली आणि माझं लिहिलेलं पुन्हा वाचत राहिली. "चूक एकही नाही," म्हणाली. "जोडाक्षरंसुद्धा बरोबर आहेत." मग घरी गेली, चिलखत ढालीसकट एका पोत्यात भरून घेऊन आली आणि ते माझ्या पायाशी ठेवलं.

"याच्या चपला करा."

"ढब्बू," मी म्हणायला गेलो आणि जीभ अडली. तो शब्द आता त्या माणसांच्या शब्दांसारखाच ऐकू येत होता.

पोतं आठ दिवस कोपऱ्यात पडून होतं. रापी समोर होती, पोतं उघडलं नाही. नको म्हणायलाही मला तोंड नव्हतं. रविवारी हॉलमधला तो मेळावा होता. शुक्रवारी तिची एक मैत्रीण आली, पिसांचे पंख करणारी. आम्ही तिला पंखवालीच म्हणतो. मेळाव्यात ती दुरुस्तीचं टेबल लावते. ऐनवेळी कुणाचा पट्टा तुटतो, कुणाचं शिंग निखळतं, ते तिथं फुकट जोडून देतात. तसा त्यांचा रिवाज आहे.

"आबा, बुटांना आमच्यात कुणी हात लावू शकत नाही," ती म्हणाली. "तुम्ही बसाल का?"

ढब्बूला मी फोनवर सांगितलं.

"नका जाऊ. ते तिथं असतात."

"कोण?"

"तेच. बाहेरचे नाहीत सगळे. अर्धे आमच्यातलेच आहेत."

"मग तर ओळखीचेच झाले," मी म्हटलं. "ऐरण घेऊन जातो."

रविवारी सकाळी मी पोतं आणि हत्यारांची पेटी घेऊन शटर ओढत होतो, तर ती रिक्षातून उतरली. अंगात साधी पँट, साधा शर्ट, केस बांधलेले. "तुम्हाला एकट्याला सोडणार नाही. पण मी मागं बसणार आणि इलॅस्टिक कापणार. बाकी काही नाही." पोत्याकडे बघितलं आणि माझ्या हातून पेटी घेतली.

हॉल म्हणजे उंच पत्र्याचं छप्पर, गुळगुळीत फरशी आणि हजारभर माणसं. राक्षस चहाच्या रांगेत उभे होते. एक राणी भिंतीला टेकून पायातले बूट काढून घोटे चोळत होती. मला ती माणसं आवडली. वेषाखाली सगळे दमलेले होते. दुपारपर्यंत मी अकरा बूट आणि एक शेपूट शिवलं. ढब्बू मागं बसून इलॅस्टिक कापत होती, मान वर करत नव्हती.

तीन वाजून गेले तेव्हा एकजण लंगडत आला. तोंडावर लोखंडी दिसणारा मुखवटा, पायघोळ झगा.

"काका, सोल निघालाय. पटकन होईल? साडेतीनला स्टेजवर माझा नंबर आहे."

त्यानं डावा बूट काढून टेबलावर ठेवला. नाकाशी हिरवे टाके, टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली. सोलानं तोंड उघडलं होतं. महिनाही झाला नव्हता.

चेहरा माणूस झाकतो. पाय कुठं झाकणार?

"बस," मी म्हटलं. "म्हटलं होतं, टिकायची नाही."

त्याला आधी कळलं नाही. मग त्यानं ऐरण बघितली, माझ्याकडे बघितलं, माझ्या मागं बघितलं. ढब्बूच्या हातातली कात्री थांबली होती.

"माझं काम नव्हतं ते, काका. मित्रानं टाकलं."

"फोन कुणाचाही असो. मित्राला सांगून ते चित्रण काढायला लावता येतं की नाही तुला?"

"येतं."

"मग हे बघ. बूट माझ्याकडे, फोन तुझ्याकडे. नाही काढलंस तरी बूट देईन, धंद्यात कुणाचा बूट अडवत नसतात. पण चिकटवून देणार नाही."

मोज्यातला पाय त्यानं दुसऱ्या बुटावर ठेवला. फरशी थंड होती. भोवती चार-पाच जण जमले. त्यानं मित्राला फोन लावला, हळू आवाजात बोलला, मग पडदा माझ्यासमोर धरला. ते चित्रण तिथून गेलेलं होतं.

"आबा," ढब्बू मागून म्हणाली, "अजून वीस ठिकाणी आहे ते."

"असू दे. इथून तरी गेलं."

"त्यानं काय होतं?"

वीस ठिकाणी वीस बूट कुठून आणणार? मी डबा उघडला. ब्रश दोनदा बाहेर लागला. तेव्हा ती उठली, माझ्या हातून बूट घेतला आणि दोन्ही बाजूंना सोल्युशन लावलं. पातळ, काठापर्यंत, मी शिकवलं तसं. बूट टेबलाच्या मध्यावर ठेवला.

"दहा मिनिटं," ती त्याला म्हणाली.

"माझा नंबर..."

"ओलं जोडलं की सुटतं."

मग तो एका पायावर उभा राहिला. मुखवटा काढून हातात घेतला, आत घाम आला होता. चोवीस-पंचवीसचा असेल. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. पंखवालीनं फोन वर उचलला.

"नको," ढब्बू म्हणाली.

"अगं, त्यानं तुझं..."

"माहीत आहे मला. नको."

पंखवालीनं फोन खाली घेतला. दहा मिनिटं झाली. ढब्बूनं बोट लावून पाहिलं, सोल जोडला, ऐरणीवर ठेवून हातोडीचे ठोके घातले आणि बूट त्याच्यापुढं सरकवला. तो काहीतरी म्हणाला, सॉरी असावं, गलक्यात नीट ऐकू आलं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. तो धावत स्टेजकडे गेला. नंबर मिळाला की चुकला, कोण जाणे.

ती तशीच उभी राहिली, हातात माझी हातोडी.

"पोत्यात काय आहे? चपला झाल्या का?"

"एक जोडसुद्धा नाही."

तिनं पोतं ओढलं, छातीपट बाहेर काढला आणि शर्टावरूनच चढवला. खांद्याचा पट्टा दुमडून मोडला होता. सगळं चिलखत चढवायला तास लागतो, तेवढी ताकद तिच्यात दिसत नव्हती, माझ्यातही नव्हती.

"एवढंच घालते आज," ती म्हणाली. "पट्टा धराल?"

मी दाभण घेतलं. ती पाठ करून उभी राहिली आणि मी टाके घालू लागलो.

"आबा, तुम्ही हल्ली मला हाक मारत नाही."

"मारतो की."

"अगं आणि ए करता. ढब्बू म्हणा. ते आपलं आहे."

म्हटलं. दोन टाक्यांनंतर म्हटलं, पण म्हटलं.

मग ती ढाल घेऊन टेबलाच्या बाजूला उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची एक जाडजूड मुलगी आईचा हात सोडून आली आणि विचारलं, "हे तुम्ही केलंत?" ढब्बू खाली वाकली आणि तिला ढालीचं आतलं अस्तर दाखवू लागली.

सोमवारी तिनं पंखवालीनं मेळाव्यात काढलेला फोटो टाकला, अर्ध्या चिलखतातला. खाली लिहायला माणसं होतीच, काही जुनीच. एकानं पुन्हा विचारलं, काम कुणाचं, दुकान कुठं? संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा मी फोन तिच्यापुढं धरला.

"काय लिहू?"

तिनं स्टूल ओढलं, चपला काढून पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"काही नको. शटर अर्धं खाली घ्या आणि चहा सांगा."