कोरडं झाकण

फुसाएच्या घरी माणूस एक आणि पानं दोन. जहाजावर गेलेल्या मुलाचं, मासातोचं, पान रोज संध्याकाळी मांडायचं, त्याच्या भाताच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं आणि जेवायच्या आधी ते उचलून बघायचं. आतून पाण्याचे थेंब धरले असले की परगावचा माणूस सुखरूप आहे, असं मुराकामी गावातल्या बायका आजी-पणजीपासून मानत आलेल्या. बघून झालं की ते पानही फुसाएच संपवायची. अन्न टाकायचं नाही, आणि दुसरं होतं कोण खायला?

शेजारची किनुयो तिला चिडवायची. "अगं, गरम भातावर झाकण ठेवलंस तर घाम येणारच. त्यात मासातोचं काय कर्तृत्व?"

"येतो ना? मग झालं."

"त्यापेक्षा फोन कर की पोराला!"

हे ऐकलं की फुसाए उठून भांडी आवरायला लागायची. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला मासातोने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की बापाचं मासे खारवायचं दुकान आपण चालवणार नाही. "मग तोंडही दाखवू नकोस," ती म्हणाली होती. पोरगा आईवरच गेलेला. त्याने खरंच दाखवलं नाही. तेव्हापासून ना त्याचा फोन, ना हिचा. दुकान विकून टाकलं, म्हणजे सुंभ जळला, पीळ तेवढा राहिला.

त्या दिवशी वारं सकाळपासून पिसाळलं होतं. टीव्हीवर खवळलेला समुद्र दाखवायला लागले तेव्हा तिने तो बंद केला आणि सॅमन काढला. पोटाकडचा, चरबीचा तुकडा मासातोचा, शेपटीकडचा तिचा. मीठ लावून सुटलेलं पाणी टिपलं, तुकडे पिठात घोळवले आणि कातडीची बाजू खाली करून तव्यावर सोडले. सुटलेली चरबी कागदाने पुसून घेतली, कारण ती राहिली तर रस माशाला धरत नाही. मग सोया सॉस, साके म्हणजे तांदळाची दारू, तिच्यातलीच गोडसर मिरिन, वर चिमूटभर साखर. रस बुडबुडायला लागला की तवा तिरका करायचा आणि चमच्याने माशावर घालत राहायचं, चकाकी येईपर्यंत. लहानपणी मासातो या चकाकीसाठी शेगडीपाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, आई, यात माझं तोंड दिसतंय. लबाड कुठला.

खिडकी धाडकन आपटली. ती लावायला फुसाए गेली आणि काचेतून त्या काळ्या आभाळाकडे बघतच राहिली. असल्या हवेत कुठे असेल तो? करपल्याचा वास आला तेव्हा धावली. तवा उतरवण्याच्या घाईत लक्षात आलं, की विजेच्या कुकरचं बटण दाबायचंच राहिलंय. सकाळचा भात होता, तोच दोन वाडग्यांत वाढला, सवयीने झाकण ठेवलं आणि बसली.

थोड्या वेळाने झाकण उचललं. कोरडं ठणठणीत.

भात गार होता म्हणून, हे तिला कळत होतं. पण कळून काय उपयोग? मान गेला खड्ड्यात, म्हणाली, आणि फोन लावला. तो वाजत राहिला, वाजत राहिला.

"आई?" मासातोचा आवाज घाबरा होता. "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. तू कुठे आहेस?"

"हाकोदाते बंदरात. वादळ आहे ना, जहाज धक्क्यालाच बांधलंय. का गं? झालंय काय?"

"काही नाही. झाकण कोरडं निघालं."



"माझं पान मांडतेस तू?" त्याने विचारलं. "अजून?"

"रोज. तुझ्या वाटचं खाऊन खाऊन माझं पोट सुटलंय."

तो हसला, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "आई, भात गार होता का?"

"...होता."

"मग गरम कर आणि पुन्हा झाकण ठेव. थेंब येईपर्यंत थांबतो मी फोनवर."

तिने भात वाफवून घेतला, वाडग्यात भरला, झाकण ठेवलं. फोन त्याच्या पानाशेजारी ठेवला. त्यातून वाऱ्याचा आवाज येत होता आणि मधूनच मासातोचा खोकला. खोकला थेट बापाचा.

"मासा कुठला?"

"सॅमन. रस जरा लागलाय खाली."

"चकाकी आली का?"

"आलीये."

"तोंड दिसतंय?"

"दिसतंय की. म्हातारं." मग धीर करून तिने विचारलं, "नवीन वर्षाला...?"

"जहाजावर असेन, आई."

"हं."

तिने हळूच झाकण उचललं. आत थेंबच थेंब होते. दोन-तीन ओघळून तिच्या मनगटावर आले.

"आले का गं थेंब?" मासातोने विचारलं.

फुसाएने आवाज न करता झाकण परत ठेवलं.

"अजून नाही," ती म्हणाली.