सरदाराच्या घरचं मशीन

मास्तर अख्ख्या गल्लीचे कपडे शिवायचे, पण पुस्तक म्हटलं की त्यांना जांभई यायची. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तिला वाचायला बंदी केली, आणि तिची आवडती जुनी कादंबरी रोज दुपारी वाचून दाखवायचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. बायकोसाठी तेही गोड मानून घेतलं बिचाऱ्यांनी.

आज नेमकं नको ते प्रकरण आलं. सरदाराला कळलंय की बायकोचं मन दुसऱ्यावर जडलंय, आणि तो तिच्यासमोर जाब विचारायला उभा आहे.

मास्तर वाचता वाचता अडले. सकाळीच कोपऱ्यावरचा औषधवाला कोट सैल करायला टाकून गेला होता. कोटाचं एक बटण नव्यानं लावलेलं, खाली दोऱ्याचे घट्ट वेढे, गाठ आत दडवलेली. ती गाठ मास्तरांची स्वतःची! लग्नानंतर त्यांनी ती एकट्या बायकोला शिकवली होती. "बटण कुणी लावलं हो?" त्यांनी सहज विचारलं, तर गडी कानापर्यंत लाल. "घरीच," म्हणाला. आणि घरी तर सडाफटिंग!

"अहो, थांबलात का? वाचा ना," पट्टी बांधलेली बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

पुस्तकातला सरदार अब्रूच्या गोष्टी करत होता, घराबाहेर काढायची धमकी देत होता. मास्तरांनी ओळीवर बोट ठेवलं आणि भलतंच वाचलं. "सरदार म्हणाला, मला कळलंय सगळं. माझंही चुकलं, दिवसभर मशीनवर मान घालून बसतो, तुझ्याशी धड दोन शब्द बोलत नाही. पण जाऊ नकोस गं. तुझ्यावाचून घर खायला उठेल मला."

भिंतीकडे तोंड ठेवूनच तिनं विचारलं:

"सरदाराच्या घरी मशीन कुठलं हो?"

मास्तरांनी पान उलटलं.

"पुढचं मला पाठ आहे," ती म्हणाली. "ती म्हणते, हे आधी बोलला असता तर... आता उशीर झाला. पट्टी सुटली की मी जाणार आहे."

कादंबरीत पट्टीबिट्टी काही नव्हती. मास्तरांनी पुस्तक मिटलं. तिचे खांदे हलताना दिसले, तसे ते घाईनं उठले.

"अगं, रडू नकोस. डॉक्टरांनी बजावलंय ना? टाके ताजे आहेत."

मास्तरांना तसं कुणीच बजावलं नव्हतं. ते तिच्या पाठीशी बसले आणि तोंडात औषधवाल्याच्या कोटाची बाही धरून रडले.